पाऊस येण्याआधी टायर बघा

पुण्यातल्या गाडीवाल्यांनो,

हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पुण्यात मॉन्सून 10 जूनच्या सुमारास येतो. 2025 साली तो 26 मेलाच येऊन धडकला आणि निम्म्या शहराच्या छत्र्याही तोवर माळ्यावरून खाली आल्या नव्हत्या. म्हणून पावसाची वाट न बघता आजच हात जोडून सांगतो. संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा खाली वाका आणि टायर बघा. मोटार असेल तर चारही, शिवाय स्टेपनी. दुचाकी असेल तर दोन्ही. गोटा झाले असतील तर याच आठवड्यात बदला. तुमची गाडी मोठी आहे, नवी आहे, फोर-बाय-फोर आहे, यातल्या कशानेही ते काम टळत नाही.

हे मुद्दाम लिहायचे कारण, गेल्या काही वर्षांत एक समजूत फार पसरली आहे. शहरात उंच, दणकट गाड्या वाढल्या. त्यातल्या कितीतरी इथेच, चाकण-पिंपरीत किंवा नाशकात तयार होतात. गाड्या उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शोरूममध्ये गाडी ठरवताना लोक म्हणतात, "आम्ही पावसात ताम्हिणीला जातो, कोकणात गाव आहे, मग सेफ्टीसाठी फोर-बाय-फोरच घ्यावी ना?" त्यासाठी साध्या मॉडेलपेक्षा लाख-दोन लाख जास्त मोजायची तयारी असते. पुढे चार वर्षांनी त्याच गाडीचे टायर झिजतात, तेव्हा मात्र "अजून एक पावसाळा निघेल" असे म्हणून खर्च पुढे ढकलला जातो. हा हिशेब उलटा आहे, आणि पावसात तो जिवावर बेततो.

फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांना मिळणे. चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला, ओल्या चढावर जागची हलवायला, शेताच्या कच्च्या वाटेवर त्याचा मोठा उपयोग आहे. पण थांबायची वेळ येते तेव्हा काय? ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात, वीस वर्षांपूर्वीच्या लहानशा गाडीलाही. ब्रेक चाकाला धरतो. रस्त्याला धरायचे काम टायर करतो. वळणावर गाडी बाहेर फेकली जात नाही तीही टायरच्याच जोरावर. अख्खी गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकलेली असते आणि प्रत्येक ठिकाणी ती जागा असते साधारण तळहाताएवढी. दोन टनांचे धूड तेवढ्याच रबरावर उभे असते.

आणखी एक गोष्ट, जी विकताना फारशी कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक फोर-बाय-फोर गाड्यांत ही सोय कायम चालू नसते. रोजच्या डांबरी रस्त्यावर लिव्हर 'टू-एच'वर असतो आणि गाडी नुसत्या मागच्या दोन चाकांवर पळत असते. कोरड्या, पकड असलेल्या रस्त्यावर 'फोर-एच' लावू नका, असे गाडीबरोबरच्या पुस्तकातच लिहिलेले असते, कारण वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि मधल्या जोडणीवर ताण येतो. म्हणजे मुळशी ओलांडून तुम्ही घाटाच्या डांबरी वळणांवर असता तेव्हा ज्या सोयीच्या भरवशावर निघालात ती बहुधा बंदच असते. चालू असली तरी ती गाडी पुढे ढकलायला मदत करील, थांबवायला नाही. उलट चारही चाके ओढतात तेव्हा गाडी इतकी सहज वेग घेते, की खाली रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाज चालवणाऱ्याला येत नाही. तो येतो पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर.

आकडेच बघा. ताशी 60 किलोमीटर वेग धरा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण 20 मीटरमध्ये थांबते. रस्ता ओला असला की तेच अंतर 35 मीटरपर्यंत जाते. ताशी 80 ला हेच आकडे 36 आणि 63 मीटरच्या आसपास येतात. पुढचे संकट डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गेलेला दीड सेकंद यात धरलेलाच नाही. ताशी 60 ला तेवढ्या वेळात गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. टायर गोटा असेल तर हे सगळे आकडे आणखी वाढतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. तिथे 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री ताबा सुटलेल्या एका ट्रकने एकापाठोपाठ कितीतरी गाड्यांना उडवले. त्या उतारावर पावसात पुढच्या गाडीच्या मागे दहा मीटरवर चिकटून चालणारे आपण सगळेच आहोत.

टायरवरच्या खाचा कशासाठी असतात? पाणी बाहेर काढायला. रबराखाली आलेले पाणी त्या खाचांतून बाजूला फेकले गेले तरच रबर डांबराला भिडते. खाचा झिजल्या, किंवा वेग इतका वाढला की पाणी बाजूला व्हायला सवडच मिळेना, की टायर पाण्याच्या थरावर चढतो. अशा वेळी स्टेअरिंग एकदम हलके लागते, वळवले तरी गाडी वळत नाही, ब्रेक दाबला तरी फरक पडत नाही. टायरमध्ये नीट हवा असेल तर हे साधारण ताशी नव्वदच्या पुढे होते; हवा कमी असेल तर आधी, आणि गोटा टायरला त्याहून खूप आधी. द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे. ती कोरड्या दिवसाची समजा. धो धो पावसात कडेच्या लेनमध्ये पाणी साचलेले असताना शंभरने जाणाऱ्याच्या हातात गाडी राहत नाही, ती फोर-बाय-फोर असो की नसो. असे झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टेअरिंग सरळ धरा, ब्रेक करकचून दाबू नका. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता धरतो. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची सवय सोडा, कारण तुम्ही लेन कधी बदलता ते मागच्याला कळत नाही.

आता टायर तपासायचा कसा ते सांगतो, कारण पुष्कळ जण फक्त बाहेरची कड बघतात आणि "आहे की अजून नक्षी" म्हणून उठतात. मेच्या अखेरीस सातारा रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात उभा होतो. एक फोर-बाय-फोर आली. धुऊन-पुसून चकाचक, वर सामानाचा कॅरिअर. मालक फक्त हवा भरायला थांबले होते, शनिवारी ताम्हिणीला जायचे होते. दुकानदार चाकाशी बसला आणि म्हणाला, "साहेब, स्टेअरिंग फुल वळवा जरा." पुढचे चाक बाहेर आले. बाहेरच्या कडेला खाच चांगली बोटभर दिसत होती. आतली कड मात्र पार गुळगुळीत, आणि एका ठिकाणी रबरातून तार डोकावत होती. अलाइनमेंट बिघडली की असेच होते, टायर आतून खात जातो आणि उभ्याने बघणाऱ्याला कधीच दिसत नाही. मालकांनी हात लावून बघितले, जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पण गाडी फोर-बाय-फोर आहे ना." दुकानदार उठता उठता म्हणाला, "चारही चाकं ओढतील हो साहेब. पण थांबवायचं कुणी?"

त्याचे बोलणे मला सगळ्या जाहिरातींपेक्षा खरे वाटते. तुम्हीही स्टेअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघा. मग खाचांच्या तळाशी बघा. तिथे रबराच्याच छोट्या आडव्या पट्ट्या असतात. त्या कुठे आहेत ते टायरच्या खांद्यावर 'टीडब्ल्यूआय' अशा अक्षरांनी किंवा लहान त्रिकोणाने दाखवलेले असते. वरची नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 94 हेच सांगतो: मोटारीला किमान 1.6 मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर खाच हवीच. पण ही कायद्याची शेवटची रेघ आहे. ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी उतरू लागते, म्हणून मोटारीच्या खाचा 3 मिलिमीटरवर आल्या की पावसाळ्यापूर्वी टायर बदलणेच शहाणपणाचे. 2022 साली केंद्र सरकारने टायरसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा निकषही आणला. तो कारखान्यातून निघणाऱ्या टायरचा आहे. तुमच्या पार्किंगमधल्या टायरचा निकाल तुम्हालाच लावायचा आहे.

बदलताना दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे लावा आणि बरे जुने पुढे. ऐकायला उलटे वाटते, पण मागची पकड सुटली की गाडी जागच्या जागी फिरते आणि ती आवरणे भल्याभल्यांना जमत नाही. चारही चाके कायम जोडलेल्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला मात्र चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत, नाहीतर आतली यंत्रणा खराब होते. आणि तरुण मंडळींना एक विनंती. रुबाब दिसतो म्हणून मोठ्या ठोकळ्यांचे 'मड टेरेन' टायर शहरातल्या गाडीला बसवू नका. ते चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर त्यांची पकड साध्या रस्त्याच्या टायरपेक्षा सहसा कमीच असते.

आता कोथरूड, सहकारनगर, औंधमधल्या ज्येष्ठांशी बोलायचे आहे. तुमच्या गाडीचे टायर झिजलेले नसतील, आणि तरीही ते धोक्याचे असतील. मुले परदेशात, गाडी सोसायटीत कव्हरखाली, महिन्यातून एखादी फेरी बँकेची आणि एखादी दवाखान्याची. नक्षी नवी दिसते. पण रबर उन्हाने, हवेने आणि नुसत्या वर्षांनी कडक होत जाते आणि कडक रबर ओला रस्ता धरत नाही. टायरच्या बाजूवर 'डॉट'ने सुरू होणारी अक्षरे-आकड्यांची ओळ असते. तिच्यातले शेवटचे चार आकडे वाचा. 2317 असेल तर टायर 2017 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षे उलटली असतील तर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या असतील तर खाच कितीही खोल असो, टायर काढून टाका.

तुमची ती मुले हिवाळ्यात काय करतात ते फोनवर एकदा विचारा. जर्मनीत ऑक्टोबर आला की लोक गॅरेजची वेळ घेऊन गाडीला हिवाळी टायर चढवतात आणि ईस्टरला उतरवतात. रस्त्यावर बर्फ असताना तसे टायर नसले तर तिथे दंड होतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचेच आहेत, आणि माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ही सबब तिथे चालत नाही. त्या देशांना बर्फात गाडी चालवायचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि तिथल्या कायद्याने सक्ती केली ती टायरची, चार चाकांच्या ओढीची नाही. साधे रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली ताठरते, हिवाळी टायरचे मऊ राहते, हे त्यामागचे कारण. पुण्यात हिवाळी टायर कुणी घेऊ नयेत, आपल्या उन्हात ते भराभर झिजतील. घ्यायची आहे ती त्यांची रीत, की ऋतू बदलण्याआधी टायरकडे बघायचे.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून स्वतःच्या गाडीने मनालीला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून त्यांनाही इथेच सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या बर्फात अडकल्या होत्या. घसरणाऱ्या गाडीतून चालक उडी मारतानाचे व्हिडिओ त्याच आठवड्यातले. बर्फ पडला की तिथले पोलीस फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडतात. त्यामुळे फोर-बाय-फोर असली की पुरे, असा समज होतो. ती वर चढेल. उतरताना गोठलेल्या रस्त्यावर पुण्याचे टायर तिला धरून ठेवणार नाहीत. साखळ्या बरोबर न्या आणि त्या घालायला इथेच पार्किंगमध्ये शिका. त्याहून बरे म्हणजे गाडी मनालीत ठेवून पुढे तिथलाच चालक आणि तिथलीच गाडी करा.

दुचाकीस्वारांनो, तुमची संख्या या शहरात सगळ्यांत मोठी आणि तुमच्याकडे टायर दोनच. पहिल्या सरीचा पहिला अर्धा तास सगळ्यांत वाईट, कारण उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ त्या पाण्यात मिसळून रस्ता साबणासारखा होतो. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबा. झेब्रा पट्टे, रंगवलेले गतिरोधक, ड्रेनेजची झाकणे, मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटा, यांवर ब्रेक दाबू नका आणि गाडी तिरकी करू नका. त्याआधीच वेग उतरवा. मागचा टायर गोटा असलेली स्कूटर घेऊन मुलांना कॉलेजला पाठवू नका. दुचाकीचा टायर दोन-अडीच हजारांत येतो.

आणि सगळ्यांत तातडीचे. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, नेमक्या पावसाच्या तोंडावर. आपण मुलांना नवा रेनकोट घेतो, नवे दप्तर घेतो. ज्या व्हॅनमधून किंवा रिक्षातून ती दररोज जातात तिचे टायर किती जणांनी बघितले आहेत? व्हॅनकाकांवर राग धरायचे कारण नाही. महिन्याचे पैसे वेळेवर न मिळणारा, मेच्या सुट्टीत कमाई बंद असलेला माणूस टायर लांबणीवर टाकतो, ते हौसेने नव्हे. म्हणून नुसते बोल लावू नका. एका व्हॅनमधल्या मुलांच्या पालकांनी एकत्र बसा, काकांना बरोबर घेऊन टायर बघा, आणि बदलायला हवे असतील तर जून-जुलैचे पैसे आगाऊ द्या. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. तुमच्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि पहिल्याच बैठकीत टायरचा विषय घ्यायला लावा.

सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना विनंती आहे की या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तासभर काढा. खाच मोजायचे साधे गेज शे-दोनशे रुपयांत मिळते. एक घ्या आणि सगळ्यांच्या गाड्यांना फिरवा. हवा तर पेट्रोल पंपावर फुकट मिळते. दर पंधरा दिवसांनी, गाडी फार पळवण्याआधी, टायर गार असताना भरा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, तोच ठेवा. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

वाहत्या पाण्याबद्दल एवढेच, की तिथे टायरही कामाला येत नाहीत. फूटभर उंचीचे वाहते पाणी लहान गाडी उचलते, दोन फूट पाणी उंच एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकते. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीची काय अवस्था झाली ते आपण पाहिले आहे. भिडे पूल बंद म्हणजे बंद. घाटवाटेवरच्या फरशीवरून पाणी जात असेल तर मागे फिरा.

काहींना हा खर्च आत्ता खरोखरच झेपणारा नसेल, याची मला जाणीव आहे. त्यांनी टायर होईपर्यंत घाटात जाऊ नये, पावसात चाळीसच्या वर जाऊ नये आणि पाऊस जोरात असेल त्या दिवशी पीएमपी नाहीतर मेट्रो धरावी. स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या टायरला कटरने नव्या खाचा पाडून विकलेले टायर मात्र घेऊ नयेत. त्या खाचा पाडताना आधीच पातळ झालेले रबर आणखी कापले जाते आणि असा टायर वेगात फुटतो.

त्यासाठीच शेवटची मागणी नवे टायर घेणाऱ्यांकडे आहे. जुने गोटा टायर दुकानात तसेच सोडून येऊ नका. शे-दोनशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण तुमच्या डोळ्यांसमोर त्यांची बाजू कापून घ्या, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या टेम्पोला, रिक्षाला किंवा शाळेच्या व्हॅनला पुन्हा चढणार नाहीत.